शुक्रवारचं प्रस्थान

मुंबई ते लंडन साडेचार हजार मैल. सकाळी उडालेलं विमान रात्रीच्या जेवणाला तिथं, असं भावानं पत्रात मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. मी भूमच्या शाळेत भूगोल शिकवायचो. नकाशावर दोरा लावून पाहिला, तर त्या दोऱ्यात भूम ते मुंबई हे अंतर नखाएवढं भरलं. तेवढं नखभर अंतर आम्हा मायलेकांना वेळेत तोडता आलं नाही, हे आठवलं की अजून डोकं तडकतं.

भाऊ डॉक्टरीच्या पुढच्या शिक्षणाला पाच वर्षांसाठी चालला होता. तोवर आपण असू की नसू, म्हणून आईला त्याला एकदा डोळे भरून बघायचं होतं. विमान शनिवारी सकाळी होतं आणि मला रजा मिळाली शुक्रवारपासून. शुक्रवारी पश्चिमेला निघायचं नसतं. मग आईनं गुरुवारीच प्रस्थान ठेवलं. पंच्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधून गाठोडं स्टँडाजवळच्या मावशींकडं नेऊन दिलं. जाताना ते उचलायचं, म्हणजे प्रवास गुरुवारीच सुरू झाला असं धरायचं. मुक्कामी पोहोचल्यावर त्याच तांदळाचा भात करायची आमच्या घरची रीत.

शुक्रवारी सकाळी जाऊन बघतो तर मावशींच्या दाराला कुलूप. मावशी हरभरा काढायला शेतात. मी परोपरीनं सांगितलं, की नवे तांदूळ बांधू, मुंबईत काय तांदळाचा दुष्काळ आहे? आई उंबऱ्यावर बसली ती बसलीच.

"प्रस्थान मागं ठेवून पुढं जायचं नसतं. माझ्या लेकराला लई लांब जायचंय."

आमच्या डोळ्यांदेखत एस.टी. निघून गेली. मावशी दुपारी आल्या. त्यांना वाटलेलं, आम्ही दुपारच्या गाडीनं जाणार. आम्ही दुपारच्याच गाडीनं गेलो आणि कुर्डुवाडीला पोहोचलो तेव्हा मुंबईची गाडी निघून गेली होती. पुढची थेट दुसऱ्या दिवशी. रात्र आम्ही स्टेशनावरच काढली.

शनिवारी ऊन वर आल्यावर मी म्हणालो, "गेला तो. चल आता घरी."

"प्रस्थान घेऊन माघारी फिरायचं न्हाय," ती म्हणाली. "कुठनं उडाला ती जागा तरी दाखव."

चरफडत मी तिकिटं काढली. विमान जाऊन रिकामं झालेलं मैदान बघायला आम्ही निघालो होतो. दौंडच्या पुढं गाडी उगाच माळावर थांबून राहिली. दिवस कलला. आईनं मांडीवरच्या गाठोड्यावर हात ठेवून विचारलं, तो आता पोहोचायला आला असंल का. आला असेल, मी तुटकपणे म्हणालो.

तिनं गाठोड्याची गाठ चाचपली. मग म्हणाली, "तिथं त्याला भात मिळंल का रे? मला हा करून घालायचा होता."