पाठमोरी शिकवणारी आत्या

माझ्या शेवगावच्या आत्याइतकी लाज मला आजवर कुणीही आणलेली नाही. मोर्चात गचांडी धरणाऱ्या पोलिसांनीही नाही. मी नगरात विद्यार्थ्यांच्या संघटनेचं काम करतो, पत्रकं लिहितो. ‘कॅमेऱ्याची सक्ती म्हणजे गरिबाच्या घराची झडती’ हे वाक्य माझं. आणि माझी आत्या मोबाईलवरून बायकांना ब्लाउज शिवायला शिकवते. शिकवते याची लाज नाही हो, कशी शिकवते त्याची.

वर्ग तिच्याच मधल्या खोलीत असतो. पण आत्या इस्त्रीची साडी नेसते, पावडर लावते, चपला घालते, पुढच्या दाराला कुलूप लावते, शेजारणीला “क्लासला चालले गं” म्हणून सांगते आणि गल्लीला वळसा घालून मागच्या दारानं त्याच खोलीत येते. “घरातून उठून तसंच बसलं की आवाजात घर येतं,” हा तिचा सिद्धांत. मी सोबत असलो की मलाही वळसा घालायला लावते. त्याआधी प्रत्येक बाईला साधा फोन: “आज बाही हाय. रेंज गेली तर घाबरू नको, मी परत सांगीन.” वर्गात कुणी लाजत कॅमेरा चालू केला की ओरडते, “तोंड नको दाखवू, टाका दाखव!” स्वतः प्रश्न विचारला की गप्प बसते. इतकी गप्प, की शेजारच्या मिक्सरचा आवाज साऱ्या वर्गाला ऐकू जातो. एकदा मी न राहवून उत्तर दिलं, तर म्हणाली, “पुढारी, तुला कुणी विचारलं? थांबलं की बाया बोलत्यात.”

आता मुख्य लाजेकडे येतो. मी एक पत्रक काढलं होतं, ‘ऑनलाइन शिकवणाऱ्यांनो, जागे व्हा!’ त्यात ठळक अक्षरात होतं: शिकणाऱ्याला काय दिसतं, ते आधी पाहा. छापलेलं ते पत्रक मनापासून वाचणारी एकमेव व्यक्ती आत्या निघाली. हुकपट्टीच्या धड्याला तिनं कापडी पुतळ्यावर पट्ट्या टाचल्या आणि पत्रकाप्रमाणे मोबाईलमध्ये पाहिलं. तिथं हुकांची बाजू उलटीकडे. पोरींना उलटं दिसू नये म्हणून तिनं पट्ट्या काढल्या, अदलाबदल करून टाचल्या आणि मन लावून शिकवलं. पुढचा कॅमेरा आरशासारखा फक्त आपल्यालाच उलटं दाखवतो, समोरच्यांना सरळच दिसतं, हे मला माहीत होतं. पत्रकात लिहायचं सुचलं नाही. साऱ्या वर्गानं हुकांच्या जागी काजं आणि काजांच्या जागी हुकं लावली.

हे कळलं ते राजूरहून. तिथली एक सून वर्गात होती, कधीच न बोलणारी, पण हात फार साफ. तिनं पहिला ब्लाउज सासूला शिवला, सासू तो घालून बाजाराला गेली आणि बाजारात हसं झालं. आत्यानं नेहमीप्रमाणे वर्गाआधी फोन केला तर सासूनंच उचलला. “तिचा क्लास संपला. उलटं शिकिवणारीकडं काय शिकायचं?”

आत्यानं मशिनीवर चादर टाकली. “लाज वाटती रं. लेकराचं शिकणं माझ्यापायी बंद झालं.”

“तांत्रिक त्रुटी म्हणून ग्रुपवर मेसेज टाक,” मी म्हणालो.

“त्रुटी कोन? मीच की.”

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं राजूरला. आत्यानं तसलाच उलट्या हुकांचा ब्लाउज स्वतःसाठी शिवून अंगात घातला होता. सासूबाई ओट्यावर बसलेल्या. मी घसा साफ करून डिजिटल विषमतेवर सुरुवात केली, तर आत्या म्हणाली, “गप. तुझं पत्रक झालं वाचून.” आणि भर दुपारी ओट्यावर पदर बाजूला करून तिनं हुकं दाखवली. मी भिंतीकडे तोंड केलं.

“अगं बया! तुमी बी?”

“मी बी. चूक माझी हाय, आक्का. सुनेचा टाका बघा, एक वाकडा न्हाई.”

“मंग आता कसं शिकिवणार?”

“तुमच्याकडं तोंड केलं म्हनून घोळ झाला. आता पाठ करून बसते. माझा उजवा हात त्यो तुमचा उजवा.”

सासूबाई “बघू” म्हणाल्या. चहा दिला, शब्द दिला नाही. दारामागं उभ्या असलेल्या सुनेनं नजरही वर केली नाही.

पुढच्या वर्गाला मी नगरला खोलीवर मोबाईल उघडून बसलो. आत्यानं फोन मागच्या कपाटाला उंच बांधला होता. पडद्यावर नुसती तिची पाठ, अंबाडा आणि हात. आधी तिनं सगळ्यांची माफी मागितली, मग विचारलं, “दिसतंय का गं?” आणि थांबली. कुणी बोलेना. मिक्सरसुद्धा बंद होता. तेवढ्यात राजूरचा काळा चौकोन उजळला आणि सासूबाईंचा आवाज आला, “दिसतंय, दिसतंय. सूनबाई म्हनती, मॅडमचा अंबाडा आडवा येतोय.”

आत्यानं मान बाजूला केली. बराच वेळ कात्री उचलली नाही. तेव्हा तिचा चेहरा कसा झाला होता, कोण जाणे.

आता ती पाठमोरीच शिकवते. बायकांना तिचा एकेक टाका दिसतो, चेहरा कुणालाच दिसत नाही. तरी वर्गाआधी पावडर लावते, कुलूप घालते, गल्लीला वळसा घालते. परवा शेजारीण फोनवर सांगत होती, हल्ली वळशाला तिला फार वेळ लागतो, दर दाराशी थांबून तोंड दाखवत जाते.