पासष्ट किलोचा माणूस

दारावरचा आकाशकंदील खाली उतरला की दुसऱ्या दिवसापासून आमच्या ओट्यावर कबड्डीचा हंगाम सुरू व्हायचा. मैदानं अजून आखलेली नसायची, स्पर्धेची पत्रकं छापून यायची असायची, पण कोण अंतिम फेरीत जाणार आणि कोण पहिल्याच दिवशी हात हलवत घरी येणार, हे सगळं आमच्या ओट्यावर आधीच ठरलेलं असायचं. विट्याच्या पलीकडचं कोरडवाहू गाव आमचं. बाजरी निघालेली, शाळू गुडघ्याएवढा झालेला, माणसांना जरा सवड मिळालेली. त्या सवडीत आमच्या घरातली साखर संपायची.

ही नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मंडळी तशी बरीच जमायची, पण पक्के मानकरी तिघं. एक शेजारचे सुभेदार, पेन्शनीत आलेले, आवाज अजून परेडच्या मैदानावरचा. दुसरे शिंपीकाका, ज्यांच्या मशिनीवर संघाच्या चड्ड्या शिवल्या जायच्या आणि म्हणून प्रत्येक खेळाडूची मांडी आपल्याला ठाऊक आहे असं ते सांगायचे. तिसरे गलाईवाले भावजी. त्यांचं मद्रासला सोनं गाळायचं दुकान होतं. दिवाळीला भावावर दुकान सोपवून ते गावी यायचे आणि कबड्डी संपल्याशिवाय हलायचे नाहीत.

"कारखान्याच्या टीमात या साली नवा कोपरा आलाय म्हणं. लय दणकट हाय," शिंपीकाका सुरुवात करायचे.

"दणकट असू दे. वाकतोय का? कोपरा वाकाय पायजे," सुभेदार.

"आन् जतकडची पोरं? ती खेळताना कानडीत बोलत्यात गड्या. काय ठरवलं ते आपल्याला कळतच न्हाई. अंगावर आल्यावरच कळतंय," भावजी.

"येऊ द्या की. आपला फौजी आला की बास."

आपला फौजी म्हणजे माझे मालक. गावाच्या संघातले सगळ्यात भारी चढाईपटू. म्हणून तर बैठक आमच्या ओट्यावर. सैन्यातली त्यांची वर्षाची दोन महिन्यांची सुट्टी शेतीच्या कामावर नाही, सणावर नाही, बायकोच्या मर्जीवर तर नाहीच नाही, कबड्डीच्या तारखांवर ठरायची. पोस्टमन दिसला की माझ्याआधी सुभेदार पुढं व्हायचे. "सूनबाई, सुट्टी मंजूर झाली का लिवलंय?" नवऱ्याचं पत्र बायकोनं उघडायच्या आधी अख्ख्या गावाला त्यातली एक ओळ पाहिजे असायची. मी मुद्दाम पत्र पदराखाली धरून आत जायची आणि चहा उशिरा आणायची.

बोलून बोलून कबड्डी संपली की गाडी हमखास चौकातल्या व्यापाऱ्याच्या काट्यावर यायची. आमच्या गावची ज्वारी, मटकी सगळी त्याच्याकडंच जायची. "पोत्यामागं दोन-अडीच किलो मारतोय बगा," असं कुणीतरी म्हणायचं, बाकीचे त्याला चार शिव्या घालायचे आणि उठायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा कबड्डी.

आता माझं सांगते. मी सांगली शहरातली. शाळेत असताना मी स्वतः कबड्डी खेळलेली, डावा कोपरा, म्हणजे टोकाला उभं राहून चढाईला आलेल्याचा पाय धरणारी. समोरून कुणी आत आलं की त्याच्या घोट्याकडं माझी नजर जायची, अजूनही जाते. लग्न झालं आणि कबड्डी माझ्यासाठी खिडकीतून ऐकायची गोष्ट झाली. ओट्यावरची मंडळी चुकीचं काही बोलली की मी आत भांडी जोरात आपटायची. त्यांना वाटायचं, वहिनीला राग आला. आलेलाच असायचा.

लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मी नवऱ्याला एकदाही खेळताना पाहिलं नव्हतं. पहिल्या वर्षी नवी नवरी कुठं मैदानावर जाणार. दुसऱ्या वर्षी पोटात पोर. तिसऱ्या वर्षी ते पोर अंगावर. अख्ख्या तालुक्यानं ज्याची चढाई बघितली, त्याची बायको तेवढी घरी म्हशीची धार काढत होती. त्या साली मी सासूबाईंना, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत आत्यांना, सरळ विचारलं, "आत्या, या वर्षी मी जाऊ का बघायला?" आत्यांनी मान वर न करता सांगितलं, "जा की. पोराला आन् म्हशीला मी बगीन." एवढ्यासाठी मी चार वर्षं थांबले होते. मला त्या दिवशी फार आनंद झाला, भाकरी थापताना सुद्धा हात नाचत होते.

मालक आले. ट्रंक खाली ठेवली, पोराला उचललं. मी हातपाय धुवायला पाणी दिलं आणि राखून ठेवलेला दिवाळीचा डबा उघडला. चकल्या, बेसनाचे लाडू, करंज्या. दहा महिने वाट बघून माणूस घरी आलेला. त्यांचा हात लाडवाकडं गेला आणि दारातून सुभेदारांचा आवाज आला.

"थांब! वजन किती हाय?"

कारण स्पर्धा होती पासष्ट किलोची. वजनी गट म्हणजे सकाळी काट्यावर उभं राहायचं, पासष्टच्या वर काटा गेला की बाहेर. मालक म्हणाले, युनिटमधून निघताना साडेअडुसष्ट भरलं होतं. ओट्यावर शोककळा पसरली. तशाच अवस्थेत त्यांना चौकात नेलं, कारण माणूस उभा राहील असा काटा गावात एकाच ठिकाणी. तिथं भरलं सदुसष्ट.

"बघा, नुसत्या प्रवासात दीड किलो उतरलं!" शिंपीकाकांनी टाळी दिली. "आठ दिवसांत दोन किलो म्हंजे काय लांब न्हाई."

ते आठ दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. दुसऱ्यांच्या नवऱ्यांना लोक उपाशी ठेवतात ते भांडण झाल्यावर. इथं अख्खं गाव प्रेमानं उपाशी ठेवत होतं. सकाळी सुभेदार हजर, "सूनबाई, आज काय केलंय?" संध्याकाळी गलाईवाले भावजी येऊन ताटात डोकावायचे, "वहिनी, भाकरी अर्धीच. आन् भात नगं." एरवी फौजी आला म्हणून घराघरातून लाडू, शेंगदाण्याची पोळी, कालवण येतं. त्या साली ताट घेऊन निघालेल्या बायकांना शिंपीकाका वाटेतून परत पाठवत होते. लाडवांचा डबा आत्यांच्या खाटेखाली गेला. मी पिठलं केलं तर तेल किती घातलं याची चौकशी. माझ्या स्वयंपाकघरात माझंच चालत नव्हतं, आणि तरीही मी एक घास जास्त वाढला नाही. मला ते खेळलेले हवे होते. ओट्यावरच्या कुणाहीपेक्षा मला जास्त हवे होते.

रोज उन्हं कलली की सगळी वरात चौकात. काटा खाली यायचा तसा आवाज चढत जायचा. शेवटच्या दिवशी बरोबर पासष्ट. भावजींनी व्यापाऱ्याला सुद्धा पेढा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन जीपगाड्या भरून आम्ही निघालो. मी जरीकाठाची साडी नेसले होते. मांडीवर डबा होता: धपाटी, दही, शेंगदाण्याची चटणी आणि आत्यांनी खाटेखालून काढून दिलेले चार लाडू. वजन झालं की खेळाडूंनी पोटभर खायचं, अशी रीत.

मैदानाशेजारच्या शाळेत वजनं चालली होती. मालक काट्यावर उभे राहिले. पंचानं वाकून बघितलं, पुन्हा बघितलं.

"साडेसहासष्ट."

"आवं, काटा नीट बगा," सुभेदार म्हणाले. "काल पासष्ट भरलाय गडी."

पंचांनी दुसरा काटा मागवला. तोही साडेसहासष्टच सांगायला लागला. तासाभराची मुदत मिळाली. मग जे सुरू झालं ते मैदानावरच्या खेळापेक्षा बघण्यासारखं होतं. मालकांना दोन स्वेटर घातले, वर घोंगडं गुंडाळलं आणि पळवलं. शेजारून शिंपीकाका पळत होते, तेही दमले, त्यांचं वजन नक्कीच उतरलं असणार. कुणी म्हणालं, केस काढा. फौजी कटिंगला आणखी काय काढणार? सुभेदार मिशीकडं बघायला लागले, तेव्हा मालक पहिल्यांदा चिडले. "मिशीला हात लावायचा न्हाई!" तासानंतर अर्धा किलो उतरला. बाकीचा एक किलो अंगाला चिकटून बसला तो बसलाच.

नाव खोडलं गेलं. मी बायकांच्या बाजूला चिंचेखाली बसले होते. तिथंच मला ते कळलं. चार वर्षं थांबून, साडी नेसून, जीपमध्ये धक्के खात आले होते मी, आणि मैदानात दुसरीच सात पोरं उतरत होती. रडू आलं ते मी लपवलं पण नाही.

तेवढ्यात मालक आले. सगळ्या गावासमोर बायकांच्या कडेला येऊन बसले, माझ्यापासून हातभर लांब. मध्ये मी डबा ठेवला. आजूबाजूच्या बायका गालात हसायला लागल्या. मालकांनी झाकण काढलं आणि जेवायला सुरुवात केली. ते आल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा पोटभर जेवताना बघत होते. पहिला लाडू त्यांनी डोळे मिटून खाल्ला.

आमच्या संघानं पहिला सामना जिंकला. दुसरा जतकडच्या पोरांशी. आमचा एक पोरगा चढाईला गेला तसं माझ्या तोंडून निघून गेलं, "उजवीकडं जा रे, तिथला कोपरा पाय मागं ठेवून उभा आहे, धरणार नाही!" पोरगा डावीकडं गेला आणि साखळीत सापडला. मालकांनी घास हातात धरून माझ्याकडं बघितलं. "तुला दिसलं व्हय ते?" मी म्हटलं, "मी आंधळी आहे का? शाळेत डावा कोपरा होते मी." त्यानंतर ते प्रत्येक चढाईआधी मला विचारायचे, मी सांगायची. सामना आम्ही हरलो. पण त्या दुपारी मला जितकं वाईट वाटायला हवं होतं तितकं वाटलं नाही.

गावात आलो ते दिवस मावळायच्या आत. ओट्यावर बैठक बसली आणि चौकशी सुरू झाली. रात्रीत दीड किलो वाढलं कसं? गलाईवाले भावजी खाली बघत म्हणाले, "आता वहिनींनीच काय तरी खायला घातलं असंल. बाईमाणसाचा जीव हाय शेवटी."

मी आतून तशीच बाहेर आले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. "भावजी, आठ दिवस ताटात तुमी डोकावत होता. कुठं दिसला होता तुमाला जास्तीचा घास?"

आत्या उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "वजन कुटं केलं रं तुमी हितं?"

"चौकात. व्यापाऱ्याच्या काट्यावर," शिंपीकाका म्हणाले.

"मग?" आत्यांनी शेंग तोंडात टाकली. "त्या काट्यावर माजं ज्वारीचं पोतं आजपातुर कवा पुरं भरलं न्हाई. माजा पोरगा कसा पुरा भरंल?"

सुभेदारांनी रिकामा कप तोंडाला लावला. ज्या काट्याला ही मंडळी वर्षानुवर्षं रोज शिव्या घालत होती, त्याच काट्यावर आठ दिवस टाळ्या वाजवत माणूस मोजत होती. आधी शिंपीकाका हसायला लागले, मग मालक, मग सगळेच. भावजींनी माझ्यापुढं हात जोडले. "चुकलं वहिनी. लय चुकलं." माझा राग तिथंच उतरला, आणि मी सगळ्यांना पुन्हा चहा टाकला.

"पंधरा दिवसांनी तिकडं औंधाकडं दुसरी स्पर्धा हाय," सुभेदार कप खाली ठेवत म्हणाले. "या वक्ताला खरा काटा आणू. अर्धीच भाकरी चालू ठेव."

सगळ्यांच्या माना मालकांकडं वळल्या. माझीही. मला माहीत होतं, ते हो म्हणाले तर मला पुन्हा संधी होती.

"न्हाई सुभेदार," मालक म्हणाले. "पासष्टचा गट आता माझ्यापासनं लांब गेला. पोरं खेळतील. मी जेवणार."

झालं. त्यांची चढाई बघायची माझी राहिली ती राहिलीच, असं मी धरून चालले. दुसऱ्या दिवशी सुभेदारांच्या घरून कोंबडीचं कालवण आलं, शिंपीकाकांकडून शेंगदाण्याच्या पोळ्या आल्या, आणि मालक प्रत्येक ताटाला न्याय देत होते. मी वाढत होते आणि खरं सांगते, सुखात होते.

दुपारी आत्या आणि मी मळ्यातल्या खळ्यावर बाजरीचं भुसकट भरायला गेलो. मागून मालक पोराला घेऊन आले, त्याला आत्यांच्या मांडीवर बसवलं. खळं मोकळं, शेणानं सारवलेलं, आजूबाजूला शाळू. त्यांनी टाचेनं मधोमध एक रेघ ओढली आणि पलीकडं जाऊन उभे राहिले.

"डावा कोपरा होतीस नव्हं? मग उभी ऱ्हा तितं."

"अवो, आत्या आहेत," मी म्हटलं, पण पदर खोचलाच होता.

ते आले. कबड्डी, कबड्डी, एका दमात, खालच्या आवाजात, पायांचा आवाज अजिबात नाही. एकदा उजवीकडं झुकले, एकदा हात माझ्या खांद्याजवळून फिरला. ज्याच्यासाठी माणसं विट्याहून गाड्या करून यायची ते मी चार हातांवरून बघत होते. मग त्यांचा पाय जरा जास्त आत आला आणि माझी नजर घोट्यावर गेली.

मी खाली बसले आणि दोन्ही हातांनी घोटा धरला. ते पडले, रेघेकडं सरपटायला लागले, मला ओढत. साडीला शेण लागलं, बांगडी फुटली.

"सोडू नगंस गं!" आत्या ओरडल्या.

रेघ बोटभर राहिली असताना त्यांचा दम संपला. ते पालथे पडून हसत होते, केसांत भुसकट, अंगावर त्यांचं नवं नवं वजन. "सुटलो का न्हाई?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. सुट्टी अजून दीड महिना बाकी होती, आणि मी पाय सोडला नव्हता.