माझ्या फोटोला हार

मी वारलो तेव्हा शेतात झेंडू तोडत होतो.

तोवर कॉलेजचं दुसरं वर्ष लागलं होतं आणि मला ओळखणारं कोणी नव्हतं. सगळा वर्ग इंटरनेटवर मैत्रीच्या एका साईटवर होता. रोज शेजारी बसणाऱ्याला तिथे जाऊन पुन्हा 'कसा आहेस?' विचारण्यात काय मिळतं, ते मला कळत नसे. पण सहलही तिथेच ठरायची, आणि ती होऊन गेल्यावर मला कळायची. शेवटी द्वारका चौकाजवळच्या सायबर कॅफेत जाऊन नाव घातलं.

फोटो हवा होता. माझा धड फोटो एकच, बारावी पास झाल्यावरचा. घरात एवढं शिकलेला मी पहिलाच, म्हणून बाबांनी तो आजोबांच्या फोटोशेजारी टांगला होता. आमचा फुलांचा मळा. बाजारात उरलेले हार बाबा भिंतीवरच्या सगळ्या फोटोंना घालत.

"जित्या माणसाच्या फोटोला हार घालत्यात का?" आई चिडायची.

"पोरगं शिकलंय. शोभतो त्याला."

चुलतभावाने मोबाईलवर त्या फ्रेमचाच फोटो काढून दिला. हार काढायचं सुचलं नाही. (रोज डोळ्यांसमोर असतं ते दिसत नाही, असं मानसशास्त्रात होतं. त्यात मला पन्नासपैकी बावीस.)

लगेच दसऱ्याची तोडणी आली. मी आठवडाभर कॉलेजला गेलो नाही.

पाचव्या दिवशी फुलबाजारात बाबांपुढे चार मुलं उभी राहिली.

"काका, मोठा हार द्या. फोटोला घालायचाय."

"कोण गेलं रे?"

"वर्गातला मुलगा. शांत होता बिचारा. कोणाशी बोलायचाच नाही."

बाबांना वाईट वाटलं. त्यांनी निवडून फुलं घेतली, हार ओवला आणि मग नाव विचारलं.

नाव ऐकून म्हणाले, "सकाळी दोन भाकरी खाऊन मळ्यात गेलाय तो."

मुलांचा विश्वास बसेना. बाबा त्यांना टेम्पोत घालून घरी घेऊन आले. मी मातीच्या पायांनी दारात, ते हार घेऊन अंगणात.

"बरा दिसतोयस," त्यांच्यातला एकजण म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कॅफेत गेलो. माझ्या पानावर एकतीस निरोप होते. जिने कधी माझ्याकडे पेनही मागितलं नव्हतं, तिने लिहिलं होतं, 'वर्गातला सगळ्यात चांगला मुलगा.' ते मी तीनदा वाचलं. मग खाली लिहिलं, 'मी जिवंत आहे.'

त्यावर कोणीच काही लिहिलं नाही.

सहल डिसेंबरात झाली. मला जानेवारीत कळलं.