नवलगडचा सौदा

राजस्थानातलं नवलगड मी पाहिलेलं नाही, आणि त्यात सगळा दोष माझ्या साडूचा आहे.

बीडमध्ये माझं रंगाचं दुकान आहे. सुरुवात पाट्या रंगवण्यापासून केली. शिडी उसनी, ब्रश उसना, राग तेवढा स्वतःचा! पुढे डबे विकू लागलो. या सगळ्यात एकच विद्या शिकलो, ती म्हणजे घासाघीस. जी वस्तू हवी असेल तिलाच नावं ठेवायची, आणि सौदा अडला की ताडकन उठून चालू लागायचं. समोरचा हाक मारतोच. "ओ शेठ, रागावता कावून?" म्हणत कापडदुकानदार माझ्यामागे पायऱ्या उतरून आलेले आहेत. (एक तर अनवाणी आला.)

लग्नानंतरची आमची सगळ्यात लांबची सहल म्हणजे बीडजवळचं कपिलधार. डबा घेऊन गेलतो, दिवस मावळायच्या आत परत. त्यामुळे यंदा राजस्थानला जायचं ठरलं तेव्हा घरात सणच होता. जाणार होतो मी, बायको सुनीता, मुलगी पूजा आणि शेजारच्या गल्लीत राहणारी मेहुणी कमल. कमलचे यजमान दिनकरराव, म्हणजे आमचे साडू, गुडघे दुखतात म्हणून येणार नव्हते.

पूजाने मोबाइलवर दोन गावं काढली, मंडावा आणि नवलगड. दोन्ही वाळवंटातली, लहानशी, आणि दोन्हीकडे जुन्या हवेल्यांच्या भिंती चित्रांनी भरलेल्या. हत्ती, राजे, आगगाड्यासुद्धा! वेळ थोडा, तेव्हा गाव एकच निवडायचं होतं. मी नवलगडच्या एका भिंतीचा फोटो पाहिला आणि बोटांनी मोठा करून पुन्हा पाहिला. आजोबा-पणजोबांच्या काळातला निळा रंग, अजून तसाच! मी विकलेला निळा दोन उन्हाळ्यांत पांढरा पडतो. (हे गिऱ्हाइकांना सांगू नका.) त्या भिंतीला एकदा हात लावून बघायचाच, असं मी मनाशी ठरवलं. तोंडाने मात्र सवयीप्रमाणे म्हणालो, "ह्ये नवलगड काय कामाचं दिसत न्हाई."

आता इथे समोरच्याने मालाची तारीफ करायची असते! "आवो, बघा तरी" असं म्हणायचं असतं!

सुनीता म्हणाली, "बरं. मग मंडावा."

"तसं न्हाई. मंडाव्याला तरी काय ठेवलंय?"

"मग नवलगड?"

"छ्या! नवलगडला कोण जातंय?"

"मग मंडावाच की!"

"आई, बाबांना नवलगड लई नावडतं बघ," पूजाने शिक्का मारला.

माझं डोकं तापलं. मी उठलो, चपला पायात सरकवल्या आणि गरजलो, "मंडाव्याला जायचं आसंल तर मी येतच न्हाई! जावा तुमी!"

आणि चालू लागलो. हळूच चालू लागलो. हाक ऐकू यायला नको? फाटक मुद्दाम वाजवलं. कोपऱ्यावरच्या टपरीवर घराकडे तोंड करून बसलो. एक चहा झाला, दुसरा झाला.

टपरीवाला म्हणाला, "शेठ, कुनाची वाट बघायलाव?"

"कुणाची न्हाई बे! चहा पितोय!"

तेवढ्यात पूजाचा फोन! लगेच उचलला नाही. भाव वाढू दिला. मग घसा खाकरून म्हणालो, "हां, बोल."

"बाबा, येताना दही आणा."

दही घेऊन घरी आलो तर कमल आणि दिनकरराव हजर.

"दाजी, तुमी येत न्हाई म्हणं," कमल म्हणाली. "तुमच्या जागी ह्यांना न्हेऊ का?"

"आन् ह्यांचे गुडघे?"

"लई फरक हाय आता!" असं म्हणून दिनकररावांनी उकिडवं बसून दाखवलं. माझ्या घरात, माझ्या सतरंजीवर!

मी सुनीताकडे पाहिलं. अजूनही तिने एक हाक मारली असती तर काम झालं असतं. ती म्हणाली, "जबरदस्ती कशाला? तुमाला दोन्ही गावं आवडत न्हाईत."

"न्या की," मी म्हणालो. "मला कुठं येळ हाय!"

गेले सगळे. परवा दुपारी दुकानात बसलो होतो, तर व्हिडिओ कॉल आला. पूजा ओरडत होती, "बाबा, हे बघा नवलगड!"

"नवलगड? मंडावा ठरलं होतं ना!"

"दिनकरराव म्हणले, मला नवलगड बघायचंय," सुनीता म्हणाली. "म्हणून आलो."

म्हणजे नुसतं एवढंच म्हणायचं होतं!

मागे तीच भिंत होती. तोच निळा. आणि त्याला टेकलेलं दिनकररावांचं चपचपीत डोकं!

"ओ साडू! त्ये तेलाचं डोकं बाजूला घ्या! रंग हाय त्यो!" मी एवढ्याने ओरडलो की समोरच्या गिऱ्हाइकाच्या हातातला ब्रश पडला.

सुनीताने मोबाइल भिंतीजवळ नेला. हळू आवाजात म्हणाली, "तुमच्यासाठी जवळून दाखवतेय. आवडलं का? आवडलं आसंल तर पुढल्या वर्षी येऊ, आपण दोघंच."

हो म्हणायला मी तोंड उघडलं. पण माझ्याआधी माझ्यातलं गिऱ्हाईक बोललं, "ठीक हाय. जरा उडालाय."

"बरं, ऱ्हाऊ द्या मग," म्हणून तिने फोन ठेवला.

मी मात्र अजून ठेवलेला नाही. हातातच धरून बसलोय. राजस्थानातून कुणीतरी "ओ शेठ, रागावता कावून?" म्हणेल, या आशेवर!