ग्यानोबाचे तीन इसा पंधरा

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि त्याच साली पावसाने दगा दिला. गावांना प्यायला पाणी नाही, जत्रेत तमाशा कोण ठेवणार? आमचा फड नायगावातच मोडला. तीस वर्षं राजाची सोंगं केलेला मी लातूरला रस्त्याच्या प्रयोगशाळेत रोजंदारीवर लागलो. प्रयोगशाळा कसली, पत्र्याचं शेड! तिथे ग्यानोबा होता. अहमदपूरकडचा, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेला, अंगठाबहाद्दर.

तिथलं काम असं. डांबर-खडीचा गरम माल लोखंडी साच्यात भरायचा आणि दांड्यावरचं वजन उचलून त्यावर सोडायचं. एका बाजूने पंच्याहत्तर ठोके, मग साचा उलटून तेवढेच. एका मालाचे असे तीन गोळे. ते गरम पाण्यात ठेवून यंत्रात दाबायचे. किती दाबाला फुटतात त्यावरून रस्ता ट्रकांखाली टिकेल की नाही ते कळायचं. तिन्ही गोळ्यांचं उत्तर जवळजवळ एक यावं लागे.

ठोके ग्यानोबाचे, मोजणी माझी. त्याला आकडे येत नाहीत, म्हणून खड्या आवाजात मी मोजायचो. पण बघणारे बघायचे त्याच्याकडे! आमचे इंजिनीअर शंकरप्पा साहेब, उदगीरचे, माल आला की आधी त्यालाच विचारायचे, "ग्यानोबा, काय म्हणतो माल?"

हा चिमूटभर बोटांत चुरगळायचा. "खडी उपाशी हाय साहेब. डांबर कमी पडलंय."

यंत्र दोन दिवसांनी तेच सांगायचं. साहेब हसायचे, आपल्या कपातला अर्धा चहा त्याला ओतायचे. मी शेजारी उभा. माझ्या एका आरोळीवर हजार माणूस गप्प बसलेलं या डोळ्यांनी पाहिलंय, आणि इथे टाळ्या खडी फोडणाऱ्याला!

मग कायम मदतनिसाची एक जागा आली. साहेब म्हणाले, "ग्यानोबाचे आजचे तिन्ही गोळे जुळले की त्याचं नाव पाठवतो." मी चौथी पास, आणि नाव त्याचं!

तिसरा गोळा. साहेब वहीत लिहीत होते. मी मोजत होतो, "अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, साठ, एकसष्ट..." दहा आकडे गिळले, गोळा कच्चा राहावा म्हणून. आवाज तसूभर हलला नाही, शपथेवर सांगतो. "पंच्याहत्तर!"

ग्यानोबा थांबला नाही. ठण्, ठण्, ठण्. दहा ठोके आणखी मारले, मगच वजन खाली ठेवलं.

साहेब उठले. "अरे, झाले म्हणाला ना तो? वाया घालवलास गोळा!"

"न्हाई साहेब. तवा तीन इसा पाचच झाले व्हते. धा ऱ्हायले व्हते."

वीस झाले की, म्हणजे त्याचा एक इसा भरला की, तो पायाचा एक अंगठा उचलून टेकवायचा. त्याची आजी शेणी मोजायची तसं, विसाविसाने. मला काय माहीत!

"मोजता येत नाही आणि वाद घालतोस? असं असेल तर नाव कसं पाठवू?"

ग्यानोबा माझ्याकडे वळला. "राजे, सांगा की."

गप्प बसलो असतो तर जागा माझी होती. पण तो एकटाच मला अजून राजे म्हणायचा. मग म्हणालो, "साहेब, एकोणपन्नासवरून मी साठवर गेलो."

"चुकून?"

"न्हाई."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "ग्यानोबा, याला आत्ताच हाकलू?"

"ऱ्हाऊ द्या साहेब. दुष्काळात कुठं जातील राजे? चाळणीवर बसवा."

तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. दोन दिवसांनी तिन्ही गोळे जुळले, त्याचं नाव गेलं. मी तर दुसऱ्याच दिवसापासून शेडबाहेर खडी चाळायला बसलो. आत तो ठोके मारायचा, तोंडातल्या तोंडात आपले इसा मोजत. चाळणी हलवता हलवता मीही मोजायचो. एकदा, एकदा तरी चुकू दे याला. दोन वर्षं मोजलं. चुकला नाही.