दाराबाहेरची सुनीता

"दुसरीले बाहेर पाठव, मंग पाह्य बराबर लागते का."

बाजींचं, म्हणजे जिला आम्ही सगळ्या उर्दूतल्या थोरल्या बहिणीच्या नावानं हाक मारायचो त्या शिकवणीच्या बाईंचं, हे वाक्य वणीत त्यांच्याकडे इंग्रजी शिकलेल्या प्रत्येकीच्या कानात असेल. खाली नवऱ्याचं गॅरेज, वर खोलीत शिकवणी. खाली मोटारसायकल रेस केली की बाजी बोलायच्या थांबत, ती बंद झाली की अर्धं राहिलेलं वाक्य बरोबर तिथूनच उचलत.

तुम्ही पाहिलं असेल, खेड्यातल्या पोरी शहरात जोडीनंच येतात. एकटीला घरून सोडत नाहीत. त्यामुळे आमच्या वाक्यातही कायम दोघी. मी उभी राहून म्हणायची, "सुनीता अँड मी वेन्ट टू मार्केट." घरचा 'मी' इंग्रजीतही आपली जागा धरून बसायचा. मग बाजी सुनीताला, म्हणजे माझ्या चुलतबहिणीला, खरोखर दाराबाहेर उभी करायच्या. "आता एकटीचं म्हण." एकटीचं म्हणताना 'मी वेन्ट' माझ्याच कानाला खुपायचं, आणि 'आय' आपोआप यायचा.

बाहेरून सुनीता विचारायची, "बाजी, आत येऊ का बजारातच राहू?"

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी सुनीताचं लग्न ठरलं. तिची शिकवणी सुटली, तशी माझीही. बाबा म्हणाले, जोडी नाही तर जाणं नाही. शिकवणीशिवाय माझा इंग्रजीचा पेपर निघणार नव्हता, आणि पेपर गेला की बी.ए. गेलं.

बाजींना कळलं तशा त्या स्कुटीवर आमच्या गावी, मुकुटबनला आल्या. चहा घेतला, कपाशीचं विचारलं. मग बाबांना म्हणाल्या, "भाऊ, सुनीताले जराशी बाजूले ठेवा. आता हिच्या एकटीचं सांगा. शिकवाचं का नाही?"

बाबांना शिकवणीतला तो खेळ ठाऊक नव्हता. त्यांनी कप खाली ठेवला. "बसमधी बसवून द्याले मी येत जाईन," म्हणाले.

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. हे मी कोणी न विचारताही सांगते.

गॅरेज चंद्रपूरला हललं, बाजीही गेल्या. आता मुकुटबनात इंग्रजी मी शिकवते. परवा शेजारच्या गावात दिलेल्या सुनीताची मुलगी शिकवणीला आली आणि दारात थबकली.

"मावशी, मी एकटीच आली. चालते ना?"

बाहेर पाठवायला तिच्यासोबत कोणीच नव्हतं. मी तिला पुढच्या रांगेत बसवलं आणि म्हटलं, "बाजारातून काय आणलं, इंग्रजीत सांग."