मानेवरचा मळ

माझी मुलगी सायली चौदा वर्षांची झाली, तेव्हा तिच्या मानेवर मळ साठतोय असा शोध मी लावला. मानेच्या मागे काळपट पट्टा दिसायचा आणि तो साबणाने जात नव्हता.

आमचं घर मांडवीला, समुद्राकाठी. नवरा बोटीवर, मी बर्फाच्या कारखान्यात कामाला. घरी यायला उशीर होणार म्हणून सायलीसाठी वेफर्सची पाकिटं, क्रीमची बिस्किटं, थंड पेयाची बाटली, सगळं भरून ठेवायचे. शाळा हाकेच्या अंतरावर, तरी स्कूटरवरून सोडायचे. (चालताना तिला धाप लागायची. ती का लागते, हा प्रश्न मला कधी पडला नाही.) तिचे ड्रेस शिवून आणेपर्यंत घट्ट व्हायचे, तेव्हा दोष शिंप्याचा. कोणी काही विचारायच्या आत मीच सांगायचे, "वाढतं अंग आहे हो."

तर मान. आधी बेसन आणि लिंबू झालं. मग सासूबाई म्हणाल्या, "बेसनान काय होणार? नारळाच्या सोडणान घास." मी सोडणाचा खरखरीत काथ्या घेतला आणि माशाचे खवले काढावेत तशी तिची मान घासली.

"आई, मळ नाहीये तो. मी रोज घासते."

"मग काय आहे? शाई?"

तिने केस सोडून मान झाकली.

मे महिन्यात नणंदेच्या मुलीचं लग्न होतं. हॉलमध्ये सगळे घामाने निथळत होते आणि सायली गळ्याभोवती ओढणी गुंडाळून बसलेली. नणंद म्हणाली, "सायली, काढ गो ती ओढणी. उकडत नाय तुला?"

मला नको तिथे विनोद सुचतो. मी म्हटलं, "राहू दे. आमच्या बाईंना आंघोळीचा कंटाळा, म्हणून झाकून ठेवलंय."

सगळ्या बायका हसल्या. सायलीही थोडी हसली. मग ती जेवायला उठलीच नाही. मला वाटलं, भाजी आवडली नसेल.

पुढच्या आठवड्यात शेजारणीने दिलेलं गोरेपणाचं क्रीम लावलं आणि मान लाल होऊन सोलली. तेव्हा कुठे डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी मान पाहिली, सायलीला वजनकाट्यावर उभं केलं, रक्त तपासायला पाठवलं.

रिपोर्ट बघून म्हणाल्या, "ताई, हा मळ नाही. वजन वाढून शरीरातलं साखरेचं काम बिघडायला लागलं, की कातडी अशी काळी पडते. घासून कशी जाईल?"

"पण ती काही खात नाही हो."

त्यांनी सायलीला विचारलं. ती खाली बघत एकेक सांगत गेली, आणि प्रत्येक पदार्थापुढे म्हणत गेली, "आई आणते."

"अजून वेळ गेलेली नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाकिटं बंद, रोज चालणं, आणि हे सगळ्या घराने करायचं. तुम्ही जरा मागे वळा बघू."

मी वळले. त्यांनी माझा अंबाडा वर उचलला.

"आई, तुझी पण मान काळी आहे," सायली म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा असता तर बरं झालं असतं. काळजी होती.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "लग्नात मी बोलायला नको होतं."

"हो," ती म्हणाली. एवढंच.

लग्नाच्या अल्बममध्ये प्रत्येक फोटोत ती ओढणी आहे. मी तो अल्बम फारसा उघडत नाही.

आता रोज संध्याकाळी आम्ही समुद्रावर चालतो. सायलीची धाप बरीच कमी झालीय. परवा ओळखीच्या एक बाई थांबून म्हणाल्या, "मुलीला बारीक करताय वाटतं?"

मला बोलण्याइतका श्वास नव्हता. उत्तर सायलीने दिलं.

"नाही काकू. मी आईला फिरवायला आणते."